टाकीत रॉकेल आहे ना?

मॅलकी गॉहनची चूल बुधवारी सकाळी विझली, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी मिस्सा, म्हणजे फादरांसोबतची सामुदायिक प्रार्थना, होती. एरवी विझली असती तर त्यानं दोन स्वेटर चढवले असते, विजेच्या किटलीवर चहा करून घेतला असता आणि सर्व्हिसवाल्याची वाट बघत आठवडा ढकलला असता. पण मिस्सेला फादर येणार होते, आख्खी वाडी येणार होती, आणि डब्लिनहून त्याची मुलगी फिडेल्मा येणार होती. फादरना आणि वाडीला त्यानं गारठ्यात बसवलंही असतं. त्याला भीती होती ती मुलीची.

मागच्या हिवाळ्यात तो गोठलेल्या अंगणात घसरून पडला आणि तो उठून उभा राहायच्या आधी ही बातमी डब्लिनला पोचली. तेव्हापासून फिडेल्मा फोनवर हळू आवाजात बोलू लागली होती, जसं आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं.

"बाबा, रागावू नका. आमच्या घराजवळच एक जागा आहे. वृद्धाश्रम नका म्हणू तिला."

"मग काय म्हणू? हॉटेल?"

"चांगली माणसं आहेत हो तिथली. एक खोली रिकामी झालीय. सोमवारपर्यंत त्यांना कळवायचंय."

"रिकामी कशी झाली?"

मग बापलेकीत तह झाला. ती मिस्सेला येईल, दोन दिवस राहील आणि सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. सगळं ठीक दिसलं तर ती तो विषय पुन्हा काढणार नाही. "आईची शपथ," ती म्हणाली. तिची आई नोनी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मॅलकीला त्या घरातून हलायचं नव्हतं ते मुख्यतः नोनीमुळेच. तिचं सगळं अजून जिथल्या तिथे होतं. तो हलला असता तर ते कुणीतरी हलवलं असतं, हे काही तो मुलीला फोनवर सांगू शकत नव्हता.

आमच्याकडे मिस्सेची पाळी घरोघर फिरत येते, आणि ज्याच्या घरी येते तो माणूस आधी महिनाभर हातात ब्रश घेऊन फिरतो. भिंती रंगवतो, फाटक रंगवतो, आणि डब्यात रंग उरला तर जे जागचं हलत नाही ते सगळं रंगवतो. मॅलकीनं या वयात हे सगळं एकट्यानं केलं. शेजाऱ्यांनी अर्थातच सांगून ठेवलं होतं, "काही लागलं तर हाक मार." ज्यांना यायचं नसतं त्यांनी बोलायचं हे वाक्य आहे, आणि ते नोनीच्या दफनापासून वाडीतला प्रत्येक जण बोलत होता. मॅलकीनं कुणालाही हाक मारली नाही. टँकरवाल्याकडून रॉकेलची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणाला नवी रबरी चकती बसवली, आणि गंजका पत्रा फिडेल्माच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून टाकीला वरपासून खालपर्यंत हिरवागार रंग दिला. लांब उभा राहून त्यानं टाकी पाहिली तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

आणि आता ही महामाया विझली होती. ओतीव लोखंडाची ती चूल म्हणजे नुसती चूल नव्हे. तिच्यावर चहा, तिच्या पोटात पाव, तिच्यामुळे नळाला ऊन पाणी आणि खोल्यांना ऊब. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. घराच्या मागे विटांच्या चौथऱ्यावर टाकी, तिथून एक बारीक नळी भिंतीतून आत, आणि रॉकेल आपलं आपण थेंब थेंब उतरत चुलीत येणार. मॅलकीनं कॉक उघडा असल्याची खात्री केली, वात नीट केली, लांब काडीनं पेटवली. ज्योत एक निळी जीभ दाखवून गेली. टाकी त्यानं उघडून पाहिली नाही. ती भरलेली आहे हे त्याला ठाऊकच होतं.

सर्व्हिसवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी."

"माझ्याकडे शुक्रवारी मिस्सा आहे."

"मग प्रार्थना कर," सर्व्हिसवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुपारच्या आधीच अट्रॅक्टा डर्कन कप घेऊन आली. मिस्सेच्या घरी कपबश्या कधीच पुरत नाहीत, त्यामुळे त्या वाडीभरातून गोळा होतात आणि त्यांच्याबरोबर बातम्याही गोळा होतात. अट्रॅक्टा ही पलीकडच्या शेतातली विधवा. जिभेनं तिखट आणि नाकानं त्याहून तिखट. मॅलकी स्वतःच्या स्वयंपाकघरात ओव्हरकोट आणि टोपी घालून बसलेला तिनं पाहिला.

"कुठं निघालास?"

"कुठं नाही. आत्ताच आलो."

"कुठून?"

मॅलकीला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे त्याची तिथेच फे फे उडाली. अट्रॅक्टानं चुलीला हात लावला आणि तो भाजल्यासारखा मागे घेतला.

"अगो माझ्या देवा! हिच्यापेक्षा प्रेत बरं. टाकीत रॉकेल आहे ना?"

"परवाच भरलीय."

"नक्की?"

"अगं, मी उभा राहून भरून घेतली!"

"माझा दीर पण असंच म्हणायचा," अट्रॅक्टा म्हणाली. तिचा दीर शेवटी शेवटी स्वतःचं नावही विसरला होता, हे तिनं वेगळं सांगायची गरज नव्हती. तिनं कोपऱ्यातली काठी उचलली, मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, काठी आत बुडवली, वास घेतला, आणि मॅलकी खरं बोलत होता याचं तिला जरा वाईटच वाटलं. मग ती आत आली. वातीवरची काजळी तिनं जुन्या टूथब्रशनं खरवडली, पर्समधून नॉकच्या तीर्थक्षेत्राहून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली काढून चुलीच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडली आणि काडी ओढली. चूल भक्कन पेटली.

"बघ," अट्रॅक्टा म्हणाली. "काजळी आणि नास्तिकपणा. नोनी असताना कधी विझली होती?"

मॅलकीनं तिचे तीनतीनदा आभार मानले आणि तिला हात जोडून विनवलं, "एवढं कुणाला सांगू नकोस हं." ती म्हणाली, "मी कशाला सांगू?" तिला फाटकापर्यंत सोडून त्यानं टाकीचं झाकण नव्या चकतीवर घट्ट आवळलं. अंधार पडायच्या आत चूल पुन्हा थंड झाली होती, आणि अट्रॅक्टानं कुणाला काही सांगितलं नसणार, कारण पॅकी रुएन हातोडा घेऊनच आला.

पॅकी कौंटीच्या रस्ताखात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना फावड्यावर रेलून त्यानं बरंच जग पाहिलं होतं.

"टाकीत रॉकेल आहे ना?"

"आहे! अट्रॅक्टानं दुपारी काठी घालून पाहिलंय!"

"बाईमाणसाला काठीतलं काय कळतं," असं म्हणून पॅकीनंही झाकण उघडलं, काठी घातली, वास घेतला. "आहे," तो नाराजीनं म्हणाला. मग त्यानं नळीवर, भिंतीपासून टाकीपर्यंत, हातोड्यानं टणटण ठोकत दोन फेऱ्या मारल्या. "नळीत कचरा बसतो. त्याला धक्का द्यावा लागतो. माणसांचंही तसंच आहे."

चूल पेटली. पॅकीनं दोन व्हिस्क्या घेतल्या, दुसरी न विचारता. जाताना झाकणही त्यानंच आवळलं, रस्ताखात्याच्या सगळ्या ताकदीनं. सकाळी मॅलकी उठला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

गुरुवारी सनी मनेली आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सनीचं एके काळी गॅरेज होतं, आणि ज्यांच्या गाड्या त्यानं दुरुस्त केल्या होत्या ते लोक आता सायकलवरून फिरत होते. त्यानं हातोड्याची हकिकत ऐकून कपाळाला हात लावला.

"पॅकीला हातोडा दिला कुणी? त्याला भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर तो भिंत पाडेल. बरं, टाकीत रॉकेल आहे ना?"

मॅलकीनं सरळ काठीच सनीच्या हातात दिली.

सनीनं झाकण उघडून पाहिलं, मग नळीवरच्या गाळणीची वाटी सोडवली, तिच्यात पाण्याचा एक थेंब सापडला तो काचेवर घेऊन डॉक्टरसारखा उजेडात धरला. "हे बघ. हा तुझा शत्रू." शिवाय नळीत हवा अडकलीय म्हणून त्यानं सायकलच्या पंपानं तीत फुंकर मारली. चूल पेटली. एवढ्यात पॅकी आपली दुरुस्ती कशी चालली आहे ते बघायला आला, आणि अंगणात दोघांची जुंपली.

"काल मीच पेटवली होती ती!"

"मग आज विझली का?"

"तू गाळणी उघडलीस म्हणून!"

"गाळणी उघडायच्या आधीच विझली होती, गाढवा!"

अट्रॅक्टा कुंपणापाशी येऊन म्हणाली की दोघांनीही उगाच श्रेय घेऊ नये, पवित्र पाण्याला लागायला वेळ लागतो. मॅलकी मधे उभा राहून सगळ्यांना चहा देत होता. दोन वर्षांत त्याच्या अंगणात एवढी माणसं जमली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याही परिस्थितीत त्याला थोडंसं बरं वाटलं. संध्याकाळी फिडेल्माचा फोन आला. "घर ऊबदार आहे ना बाबा?" त्यानं चुलीवर तळहात ठेवला. ती कोमट होत चालली होती. "भट्टी झालीय नुसती," तो म्हणाला.

शुक्रवारी उजाडता उजाडता मॅलकी टाकीपाशी उकिडवा बसला होता. अंगात कोट, हातात किटलीवरचा चहा, आणि संध्याकाळी सगळं संपणार याची खात्री. तिघांनी तीन इलाज केले आणि तिन्ही लागू पडले, असं कसं होईल? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडते, तीनदा कशी पडेल? वात खरवडली तरी पेटते, नळी ठोकली तरी पेटते, पंप मारला तरी पेटते. मग तिघांनीही सारखंच काय केलं? त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तिघांनी सारखी एकच गोष्ट केली होती. तिघांनीही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता.

तो उठला आणि त्यानं झाकण फिरवलं. आत हवा शिरताना सूंऽऽ असा लांब आवाज झाला. मॅलकीनं सावकाश मान वर केली. टाकीच्या डोक्यावर हवा आत जाण्यासाठी एक बोटभर वाकडी नळी असते. रॉकेल जेवढं खाली उतरेल तेवढी हवा तिच्यातून आत यायला हवी, नाहीतर टाकी रॉकेल धरून ठेवते. त्या नळीच्या तोंडावर ब्रेडची एक प्लॅस्टिकची पिशवी होती. गवताचे गठ्ठे बांधायच्या सुतळीनं पक्की बांधलेली, आणि टाकीइतकीच हिरवीगार रंगवलेली.

रंग आत जाऊ नये म्हणून त्यानंच ती बांधली होती. मग ब्रशच्या भरात तिच्यावरूनही हात फिरवला होता. आणि मग विसरला होता.

आपण एकटे राहू शकतो हे दाखवण्यासाठी या माणसानं जे जे केलं होतं, त्या सगळ्यानं मिळून त्याची चूल विझवली होती. टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणून आत हवेला जागा नाही. झाकणाला नवी चकती, म्हणून तिथून फट नाही. आणि टाकीला रंग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं इकडेतिकडे बघत सुतळी कापली, पिशवी कचऱ्यात बटाट्याच्या सालींखाली दाबली, आत येऊन चूल पेटवली आणि तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसला. दुपार झाली तरी ती विझली नाही. तेव्हा तो उठला आणि त्यानं दाढी केली.

फिडेल्मा आली तेव्हा ओव्हनमध्ये ॲपल पाय तपकिरी होत होता, खिडक्यांवर वाफ धरली होती आणि मॅलकी बाह्या सरसावून हॅमचे काप करत होता. ती दारात उभी राहिली. घरभर नजर फिरवली. फाटक, भिंती, पडदे, सगळं बघून झालं. मग ती चुलीला पाठ लावून उभी राहिली, लहानपणी शाळेतून भिजून आल्यावर उभी राहायची तशी, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बाबा, मी उगाच घाबरत होते हो."

"मी म्हटलं नव्हतं?"

"सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवून टाकते."

मॅलकी हॅमचे काप करत राहिला. पाहुणे अजून यायचे होते, आणि ते न येण्याची काही सोय असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मिस्सेच्या आधी फादर लाव्हेल बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात आणि ज्याला पापं सांगायची आहेत तो आत जाऊन सांगतो. यजमानानं पहिलं जायचं असतं. मॅलकी आत गेला, गुडघे टेकले, आणि फोनवर मुलीशी खोटं बोललो हे सांगता सांगता त्यानं पिशवीसकट सगळं सांगून टाकलं. फादर बराच वेळ रुमालात खोकत होते.

"म्हणजे टाकीत रॉकेल होतं?"

"होतं, फादर."

"मॅलकी, हे काही पाप नव्हे, हा गाढवपणा आहे. पण मुलीशी खोटं नको. तिला खरं सांग. खरं सांगितलं की छातीवरचा धोंडा उतरतो."

"सांगू म्हणता?"

"सांग. आणि तीन 'नमो मरिया' म्हण."

मिस्सा छान झाली. नंतर स्वयंपाकघरात टेबलं लागली, हॅम फिरलं, चहा फिरला, पुरुषांच्या कपांत चहाखेरीजही काही फिरलं. फिडेल्मा सगळ्यांना हवं नको बघत होती. पॅकी चुलीच्या कठड्याला टेकून उभा होता. त्यानं चुलीवर मालकाच्या थाटात थोपटलं.

"कशी चाललीय बघ, फिडेल्मा. मी नसतो तर आज तुम्ही बर्फात जेवला असता."

"म्हणजे?"

"बुधवारी रात्री आलो तर हा बिचारा अंधारात कुडकुडत होता. मी नळी ठोकली म्हणून वाचला."

"नळी ठोकली म्हणून?" सनी टेबलावरून ओरडला. "त्यानंतर पुन्हा विझली ते सांग की! फिडेल्मा बाळ, चूल मी चालू केली. गाळणीत पाणी होतं. तुझ्या बाबांना गाळणी कुठे असते तेही ठाऊक नव्हतं."

"दोघंही बाजूला व्हा," अट्रॅक्टा म्हणाली. "सगळ्यात आधी मी आले. हा माणूस घरात कोट घालून बसला होता. मला म्हणतो, आत्ताच बाहेरून आलो! मला दिराची आठवण झाली गं. अस्संच सुरू झालं होतं त्याचं."

फिडेल्माच्या हातातली किटली खाली टेकली. "किती वेळा विझली होती?"

"तीन," तिघंही एकदम म्हणाले. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

"बाबा, तुम्ही म्हणालात भट्टी झालीय."

आता मॅलकीची धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. गप्प राहावं तर चूल शेजाऱ्यांच्या कृपेनं चालते असं ठरतं. बोलावं तर पिशवी बाहेर येते. त्यानं फादरांकडे पाहिलं. फादर ॲपल पायमध्ये गढून गेले होते. पण त्यांनीच सांगितलं होतं, खरं सांग. आणि मॅलकी आयुष्यभर फादरांचं ऐकत आलेला माणूस.

"चूल मी चालू केली," तो म्हणाला. "आज सकाळी. एकट्यानं."

सगळे हसले. प्रेमानंच हसले, पोरानं 'मी पण नांगर धरला' म्हटल्यावर हसतात तसे.

"हसताय काय? टाकीच्या हवेच्या नळीवर पिशवी होती. हवा आत जात नव्हती. तुम्ही झाकण उघडलंत, हवा गेली, म्हणून पेटली. तुमच्या काजळीनं नाही, हातोड्यानं नाही आणि पंपानं तर नाहीच नाही! मी पिशवी काढली. तेव्हापासून चालतेय."

मग सनीनं विचारलं, "पिशवी बांधली कुणी?"

मॅलकी म्हणाला, "मी."

"कशाला?"

"रंगवताना."

"आणि काढली नाहीस?"

"विसरलो."

हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि स्वयंपाकघरात पडला. अट्रॅक्टानं फिडेल्माकडे पाहिलं. पॅकी मात्र वैतागला होता, कारण त्याचा हातोडा पणाला लागला होता. "पिशवीनं काही होत नसतं रे. एवढ्याशा पिशवीनं चूल विझत असती तर जगात चुली चालल्याच नसत्या. नळीत कचरा होता." सनी म्हणाला, "पाणी होतं." दोघांनीही पिशवीची कल्पना हसण्यावारी नेली, कारण ती खरी धरली तर त्यांचे इलाज खोटे पडत होते. मॅलकी तावातावानं बाहेर जाऊन कचऱ्याचा डबा घेऊन आला आणि फिडेल्मा आणि पाहुण्यांसमोर, हॅमच्या ताटाशेजारी, बटाट्याची सालं उपसू लागला.

"बाबा," फिडेल्मा हळू आवाजात म्हणाली. "बाबा, राहू द्या. मी ऐकलं."

तो हळू आवाज मॅलकीला ओळखू आला. पिशवी त्याच्या हाताला लागली होती. त्यानं ती वर काढून धरली. हिरवी, सालं चिकटलेली. ती पाहून फिडेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बापाच्या हकिकतीतलं अर्धंच खरं मानलं. पिशवी बांधून तो विसरला हे तिनं मानलं. त्यानंच शोधून काढलं, हे नाही.

"फादर," मॅलकी म्हणाला, "तुम्ही तरी सांगा."

फादर लाव्हेलनी तोंडातला घास गिळला. पापाची कबुली म्हणजे कुलूप; ऐकणाऱ्या फादरांना ती कुणापाशी उघडता येत नाही. ते मान हलवून म्हणाले, "ॲपल पाय फार सुंदर झालाय, मॅलकी."

नंतरचं सगळं फार मायेनं झालं. कुणी आवाज चढवला नाही. फक्त हिवाळ्यापुरतं, फिडेल्मा म्हणाली. फक्त हिवाळ्यापुरतं, अट्रॅक्टा म्हणाली. वसंतात परत यायचंच आहे, असं पॅकी म्हणाला, आणि वसंताबद्दल बोलताना तिघांपैकी एकानंही मॅलकीकडे पाहिलं नाही. मॅलकीनं हातातली पिशवी घडी करून टेबलावर ठेवली आणि तो एवढंच म्हणाला, "घर बंद राहिलं तर ओल धरेल. नोनीचे कपडे आहेत वर."

हा मुद्दा खरा होता. चूल थंड पडली की आमच्या हवेत घराला महिन्याभरात बुरशी धरते. फिडेल्माला तो पटला. ती म्हणाली, चूल चालूच ठेवू, फक्त कुणीतरी येऊन बघायला हवं.

"कुणीतरी कशाला? मी येईन ना रोज," पॅकी म्हणाला. "तिला माझ्या हाताची सवय झालीय."

"तू हातोडा घेऊन या घरात पाऊल ठेवायचं नाहीस," सनी म्हणाला. "सकाळी मी येणार."

"सकाळी मी येते. तू संध्याकाळी ये," अट्रॅक्टा म्हणाली. "आणि पॅकीनं दुपारी यावं, जेवण झाल्यावर. तासभर बसावं. नुसती चालू आहे का बघून जाऊ नये. घराला माणसाचा वावर लागतो."

"रविवारी सगळेच येऊ," सनी म्हणाला. "पत्ते खेळू. नाहीतर घर खायला उठतं."

रविवारच्या वाटणीवरून त्यांचं पुन्हा भांडण झालं, इतकी प्रत्येकाला यायची घाई. नोनी गेल्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत त्या दारावर कुणी सठीसहामाशी थाप मारली असेल नसेल. मॅलकी ताटं गोळा करत ते ऐकत होता.

रविवारी दुपारी त्याची बॅग गाडीत गेली. तिघंही निरोप द्यायला आले होते, आणि निरोप देऊन झाल्यावर बाहेर गार वारा म्हणून लगेच आत गेले. खिडकीतून दिवा दिसत होता. पॅकीनं मॅलकीची खुर्ची चुलीकडे ओढली होती, अट्रॅक्टा किटली ठेवत होती, सनीनं पत्ते काढले होते. फिडेल्मानं गाडी चालू करण्याआधी बापाच्या हातावर हात ठेवला.

"किती चांगली माणसं आहेत ना, बाबा. रोज येणार. तिन्ही वेळा. चुलीला एकटं म्हणून पडू देणार नाहीत."

"हो," मॅलकी म्हणाला. "चुलीनं नशीब काढलं."